मथळे आधी कानांसाठी होते

फोनवर लांबलचक पान उघडलं की आपण ते लगेच वाचायला घेत नाही. अंगठ्याने सर्रकन सरकवतो, नजर जाड अक्षरांवरून उड्या मारत जाते आणि ‘पात्रता’, ‘कागदपत्रं’, ‘शेवटची तारीख’ असं काही दिसलं की थांबते. दोन-तीन सेकंदांचं काम. आपण काही करतोय हेही लक्षात येत नाही.

आता तेच पान डोळ्यांशिवाय वाचायचं आहे असं समजा. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतं, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए किंवा जॉज. यांना स्क्रीनरीडर म्हणतात. पडद्यावर जे आहे ते ही सॉफ्टवेअरं एकामागून एक बोलून दाखवतात. तीन हजार शब्दांचं पान मिनिटाला दीडशे शब्दांच्या वेगाने ऐकलं, तर वीस मिनिटं लागतात. शेवटची तारीख शेवटच्या परिच्छेदात असेल, तर वीस मिनिटांनी कळेल. ती कालच होऊन गेली, हेही तेव्हाच कळेल.

पण त्या पानाला खरे मथळे दिलेले असतील, तर चित्र बदलतं. टॉकबॅकमध्ये ‘शीर्षकं’ हा पर्याय निवडायचा आणि एक बोट वरून खाली ओढायचं. फोन थेट पुढच्या मथळ्यावर उडी मारतो. पुन्हा ओढलं, पुन्हा पुढचा. चार-पाच वेळा बोट ओढलं की ‘शेवटची तारीख’. डोळस माणसाची नजर करते तेच काम इथे बोट करतं.

यात ‘खरे’ हा शब्द महत्त्वाचा. मी पोटापाण्यासाठी वेबसाइट बांधतो, म्हणून एवढं सांगू शकतो की पडद्यावर मथळ्यासारखं दिसणं आणि मथळा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अक्षर मोठं केलं, जाड केलं, रंग दिला की डोळ्यांना तो मथळा वाटतो. स्क्रीनरीडरला मात्र ती साध्या वाक्यासारखीच आणखी एक ओळ असते. तो मथळा आहे हे कळायला पानाच्या आतल्या कोडमध्ये तशी खूण करावी लागते. त्या खुणेला एच१, एच२, एच३ अशी नावं आहेत. एच१ म्हणजे पानाचं नाव, एच२ म्हणजे त्यातले मोठे भाग, एच३ म्हणजे त्या भागांतले उपभाग. अशा सहा पायऱ्या आहेत.

हे सगळं परदेशातून आलेला तांत्रिक नियम म्हणून शिकवलं जातं आणि नियम म्हणूनच विसरलं जातं. पण मजकुराचे भाग पाडून त्यांना नावं द्यायची, म्हणजे ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळेल, ही गोष्ट मराठीला नवी नाही. सातशे वर्षांपूर्वीपासून आपण ती करत आलो आहोत.

## पोथीचा पत्ता

जुनी हस्तलिखितं पाहिली तर पहिल्यांदा गोंधळायला होतं. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. एका शिरोरेषेखाली अक्षरं सलग चालत राहतात. परिच्छेद नाही, स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही. असतात ते दंड, ओव्यांचे आकडे आणि अध्याय संपल्याचं सांगणारी एक ठरीव ओळ. पुष्कळदा ती ओळ तांबड्या शाईने लिहिलेली किंवा गेरूने रंगवलेली असते.

आजच्या डोळ्यांना हे वाचकाचे हाल वाटतात. पण पोथी बहुतेक वेळा एकट्याने मनात वाचण्यासाठी नव्हतीच. एकजण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. पानावरची रचना वाचणाऱ्या एकाच्या सोयीची होती आणि मजकुराची रचना ऐकणाऱ्या सगळ्यांच्या सोयीची. म्हणून त्या काळचे ‘मथळे’ शोधायचे असतील, तर पान कसं दिसतं ते पाहायचं नाही, मजकूर कसा ऐकू येतो ते पाहायचं.

सुरुवात आमच्याच विदर्भातून करू. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ मानला जातो. शेकडो छोटे प्रसंग, प्रत्येक प्रसंग म्हणजे एक लीळा. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे मोठे भाग, त्यांच्या आत लीळा आणि प्रत्येक लीळेला स्वतःचं छोटं नाव: अमक्याची भेट, तमक्या गावचा मुक्काम. या आठवणी माणसांच्या डोक्यात होत्या. पुढे जेव्हा मूळ पोथी हातची गेली, तेव्हा भक्तांनी त्या पुन्हा स्मरणातूनच उभ्या केल्या, असं महानुभाव परंपरा सांगते. म्हणूनच ‘लीळाचरित्रा’चे वेगवेगळे पाठ आहेत. एवढा मजकूर आठवायचा तर तो सलग आठवत नाही, नावानिशी आठवतो. तुकड्याला नाव दिलं की स्मरणाला धरायला मूठ मिळते.

मग सतराव्या शतकातला ‘दासबोध’ घ्या. वीस दशक, प्रत्येक दशकात दहा समास, म्हणजे दोनशे समास. दशकाला नाव, समासाला नाव, ओवीला आकडा. दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा, त्याच दशकाचा दहावा पढतमूर्खाच्या लक्षणांचा. वेब बांधणाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर ग्रंथ हा एच१, दशक एच२, समास एच३. एकही पायरी गाळलेली नाही. समास संपतो तेव्हा ग्रंथाचं नाव, समासाचं नाव आणि त्याचा क्रमांक पुन्हा उच्चारला जातो. आम्ही याला क्लोजिंग टॅग म्हणतो.

त्याहून मला भारी वाटते ती सुरुवात. पहिल्या दशकाच्या पहिल्या समासाचा आरंभच प्रश्नाने होतो. हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितलं आहे आणि ऐकल्याने काय मिळतं, असं श्रोते विचारतात. मग पुढे समर्थ त्याचं उत्तर म्हणून ग्रंथात काय काय आहे याची यादीच सांगतात. प्रश्न विचारणारे श्रोते आहेत, वाचक नव्हेत, हे लक्षात घ्या. अनुक्रमणिका इथे कानांसाठी आहे.

‘गुरुचरित्रा’त हीच गोष्ट शेवटी येते. त्याच्या अखेरच्या अध्यायाला अवतरणिका म्हणतात. आधीच्या प्रत्येक अध्यायात काय घडलं याची ती ओवीबद्ध यादी आहे. नीट पाहिलं तर ही म्हणता येणारी अनुक्रमणिका.

भिवापूर म्हटलं की लोकांना मिरची आठवते. पण आमच्याकडे घरोघरी सापडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ‘गजानन विजय’ची पोथी. दासगणूंनी १९३९ साली रचलेली, एकवीस अध्यायांची. तीन दिवसांचं पारायण असलं की रोज सात अध्याय. वाचणारा एक, ऐकणारे दहा. त्यातलं कोणी चुलीपाशी गेलेलं, कोणी वावरातून आत्ताच आलेलं. आलेला माणूस टेकता टेकता शेजारच्याला हळूच विचारतो, “कितवा अध्याय चालू हाय?” उत्तर येतं, “अकरावा.” एवढ्यात त्याला सगळं कळतं. किती झालं, किती राहिलं, आता कोणती गोष्ट येणार. पोथीत डोकावायची गरज नाही. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा त्या मजकुरात हरवत नाही.

टॉकबॅक लावून पान ऐकणारा माणूसही नेमकं हेच विचारत असतो.

## ऐकून वाचणारा लेखक

ऐकून वाचणं म्हणजे कमी वाचणं, असं कोणाला वाटत असेल तर त्याने गुलाबराव महाराजांचं आयुष्य पाहावं. १८८१ साली अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीला त्यांचा जन्म झाला. वर्षाचे व्हायच्या आतच दृष्टी गेली. पुढे माधान हे त्यांचं गाव झालं. १९१५ साली पुण्यात ते वारले तेव्हा वय होतं अवघं चौतीस. तेवढ्या काळात त्यांनी शंभराहून जास्त लहानमोठे ग्रंथ रचले. वेदान्त, भक्ती, संगीत, आयुर्वेद, व्याकरण अशा कितीतरी विषयांवर. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणत.

ते दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेत आणि स्वतःचे ग्रंथ तोंडी सांगून लिहवून घेत. म्हणजे त्यांचा स्क्रीनरीडर हा हाडामांसाचा माणूस होता. भक्तांनी या गोष्टीकडे दैवी सामर्थ्य म्हणून पाहिलं, तो त्यांचा भाग. मला त्यातली वेगळी बाजू दिसते. ज्या शास्त्रग्रंथांमध्ये ते वावरले, ते अध्याय, पाद, सूत्र, श्लोक अशा पायऱ्यांनी बांधलेले होते. वाचून दाखवणाऱ्याला ‘अमक्या अध्यायातलं तमकं सूत्र काढ’ असं सांगता येत होतं. बुद्धी त्यांची होतीच. पण ग्रंथही असे होते, की डोळ्यांशिवाय त्यांत ये-जा करता यावी.

आज एखादी अंध मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते तेव्हा तिच्या फोनमधला आवाज न थकता, न कंटाळता वाचून दाखवतो. त्या बाबतीत ती गुलाबराव महाराजांपेक्षा सुखी आहे. पण ‘तिसरा भाग काढ’ असं ती फोनला सांगू शकेल की नाही, हे पान बांधणाऱ्यावर अवलंबून आहे.

## छापखान्याने मथळा डोळ्यांना दिला

मराठी छपाईच्या सुरुवातीच्या खुणा बंगालमध्येही सापडतात. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून निघालं. ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ सुरू झालं. त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारीशेजारी उभ्या रकान्यांत असे. म्हणजे पानावर काय कुठे ठेवायचं हा प्रश्न मराठीत आता ठळकपणे आला होता.

पाठोपाठ विरामचिन्हं आली. मेजर कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून ती मराठीत रुजवली. आज आपण ज्याला नैसर्गिक समजतो ते स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, परिच्छेद हे सगळं तेव्हा नवं होतं. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देखणे टाइप पाडले. मथळ्याला मोठा टाइप, मजकुराला लहान टाइप, मधोमध शीर्षक, खाली रेघ. पोथीत अध्यायाचं नाव शेवटी उच्चारलं जायचं, छापील पुस्तकात ते वर जाऊन बसलं आणि दिसू लागलं.

यात फायदा प्रचंड झाला. छापील आवृत्तीच्या सगळ्या प्रती सारख्या असतात, म्हणून पानांना आकडे देऊन अनुक्रमणिका करता आली. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्या मंडळामार्फत ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ काढला, ते नागपूरचं. १९२० च्या दशकात त्याचे एकूण २३ खंड निघाले. एवढ्या ज्ञानात हवं ते सापडायचं तर नोंदीला नाव हवं, नोंदींना अकारविल्हे क्रम हवा आणि वेगळी सूचीही हवी. छपाई नसती तर हे शक्य नव्हतं.

पण या प्रवासात मथळ्याची एक ओळख मागे पडली. मथळा म्हणजे भागाचं नाव, याऐवजी मथळा म्हणजे मोठं अक्षर, अशी आपली समजूत झाली. छापील पानावर दोन्ही एकच असल्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते पुढे.

याच काळात एक जागा अशी होती जिथे ही समजूत चालत नव्हती, ती म्हणजे ब्रेल. ब्रेलमध्ये सगळे ठिपके एकाच आकाराचे. मोठं अक्षर नाही, जाड अक्षर नाही, रंग नाही. छापील पुस्तक ब्रेलमध्ये उतरवणाऱ्याला ‘हे केवढं आहे?’ असं विचारून भागत नाही, ‘हे काय आहे?’ असंच विचारावं लागतं. मथळा असेल तर तो मधोमध घ्यायचा, वर-खाली जागा सोडायची. भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल १९५१ साली ठरली. १५ फेब्रुवारी २००८ ला स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. वर्तमानपत्र म्हणजे मथळ्यांचाच खेळ. तो बोटांनी वाचता येतो हे त्या अंकांनी दाखवलं.

आणि छपाईच्या आधीची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, म्हणजे हाताने कसं लिहावं यावर. कागदाच्या भोवती जागा सोडा, कडा झिजल्या तरी अक्षर जाऊ नये, असं त्यात सांगितलं आहे. आणि तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, मध्यम लिहा, असंही आहे. आज डोळे चांगले आहेत म्हणून आजच्या डोळ्यांपुरतं लिहू नका, हा सल्ला माझ्या क्षेत्रात अॅक्सेसिबिलिटी या नावाने शिकवला जातो.

## जिनिव्हातली यादी

१९६० च्या दशकात कॉम्प्युटरवर मजकूर ठेवायला सुरुवात झाली तेव्हा छापखान्याची सवय तिथेही गेली. ही ओळ मोठी कर, इथे जागा सोड, अशा आज्ञा मजकुरात लिहिलेल्या असायच्या. प्रत्येक यंत्राच्या आज्ञा वेगळ्या. एका यंत्रावरचा दस्तऐवज दुसऱ्यावर नेला की सगळा चुथडा. आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी हे तिघं वकिली कामाच्या दस्तऐवजांवर काम करताना याच अडचणीत होते. १९६९ मध्ये त्यांनी काढलेल्या तोडग्याचं नाव जीएमएल. त्यातली मुख्य कल्पना अशी: ओळ कशी दिसावी हे मजकुरात लिहूच नका, ती काय आहे हे लिहा. मथळा आहे, परिच्छेद आहे, यादी आहे. कसं दाखवायचं ते त्या त्या यंत्राला ठरवू द्या.

ब्रेल उतरवणारे जे विचारत होते, तेच हे.

जीएमएलमधून एसजीएमएल आलं आणि ते जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वापरात होतं. तिथेच टिम बर्नर्स-ली यांनी वेब उभं केलं. १९९१ च्या अखेरीस त्यांनी एचटीएमएलच्या खुणांची छोटीशी यादी लिहिली. त्यात जेमतेम वीसेक खुणा होत्या. चित्र दाखवायची खूणसुद्धा नव्हती. पण एच१ ते एच६ होत्या. म्हणजे वेबवर चित्रांच्या आधी मथळे आले.

योगायोग असा, की त्याच १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. मराठी मजकूर नीट साठवायचं साधन आणि त्याचे भाग नीट बांधायचं साधन, दोन्ही एकाच वर्षी जन्मली. त्यांची गाठ पडायला मात्र खूप वेळ लागला.

कारण मधल्या काळात वेबला डोळ्यांची भुरळ पडली. १९९३ मध्ये मोझॅक ब्राउझर आला, मजकुरातच चित्रं दिसू लागली. मग अक्षराचा आकार आणि रंग ठरवणारी फॉन्ट नावाची खूण आली. आता मथळ्यासाठी एच२ कशाला लिहायचं? फॉन्ट मोठा केला की झालं. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएस आलं, म्हणजे रूप सांगण्याची वेगळी भाषा. एचटीएमएलने काय आहे ते सांगावं आणि सीएसएसने कसं दिसावं ते, अशी वाटणी झाली. कागदावर ती अजून आहे. प्रत्यक्षात रोज मोडली जाते. कारण डिझायनर आम्हाला चित्र पाठवतो. चित्रात अक्षराचा आकार लिहिलेला असतो, तो एच२ आहे की एच३, हे लिहिलेलं नसतं.

त्यावर उपाय म्हणून नियम झाले. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीची पहिली मार्गदर्शक तत्त्वं मे १९९९ मध्ये आली, त्यांना डब्ल्यूसीएजी म्हणतात. दुसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये. डोळ्यांना जी रचना दिसते ती कोडमधूनही कळली पाहिजे, असं त्यात सांगितलं आहे आणि तेही सगळ्यात खालच्या, म्हणजे टाळता न येणाऱ्या पातळीवर. अमेरिकेतली वेबएम ही संस्था स्क्रीनरीडर वापरणाऱ्यांना अधूनमधून विचारते, की लांब पानावर हवी ती माहिती कशी शोधता? २०२४ च्या पाहणीत ७१ टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं: मथळ्यांवरून. पानावर शोध घेणारे, दुव्यांवरून जाणारे, पूर्ण पान ऐकणारे, हे सगळे मिळून उरलेल्यांत आले.

## मराठी पान ऐकताना

मराठी पानांची कथा थोडी वेगळी आहे. आपल्याला मथळ्याच्या आधी अक्षरापाशीच अडखळायला झालं. युनिकोड आलं तरी कितीतरी वर्षं मराठी मजकूर वेगवेगळ्या फॉन्टांच्या खासगी सांकेतिक पद्धतींत टाइप होत होता. पडद्यावर ‘महाराष्ट्र’ दिसायचं, पण आत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. डोळ्यांना मराठी, कानांना अर्थहीन खडखडाट. कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर अक्षरंच नसतात, नुसता फोटो असतो. स्क्रीनरीडर तिथे गप्प बसतो.

ती अडचण आता बरीच कमी झाली आहे. एनव्हीडीए फुकट मिळतं, मराठी बोलू शकतं. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये मराठी आवाज मिळतो. पण पान मराठीत आहे हे कोडमध्ये सांगावं लागतं. त्यासाठी पानाच्या माथ्यावर भाषेची छोटी खूण असते. ती ‘इंग्रजी’ अशीच राहून गेली, तर आवाज मराठी शब्दांवर इंग्रजी जीभ फिरवतो किंवा ते गाळून पुढे जातो.

मध्यंतरी एका योजनेची माहिती देणारं मराठी पान मी टॉकबॅक लावून, पडदा झाकून ऐकलं. दिसायला पान छान होतं. केशरी पट्ट्यावर पांढऱ्या जाड अक्षरांत सहा मथळे होते. फोनच्या लेखी त्या पानावर मथळा एकच होता, आणि तो होता ‘आमच्याशी संपर्क साधा’. कोणाला किती रक्कम मिळणार, अर्ज कुठे करायचा, हे सगळं एका सलग प्रवाहात. शब्दांत जागा न सोडलेल्या पोथीसारखं, पण अध्याय आणि ओव्यांचे आकडेही काढून घेतलेले. तेराव्या शतकातल्या पोथीपेक्षा एकविसाव्या शतकातलं पान ऐकायला अवघड निघालं.

हे कोणाच्या वाट्याला येतं? २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टीचं अपंगत्व असलेले सुमारे पन्नास लाख लोक नोंदले गेले, त्यांतले साडेपाच लाखांहून जास्त महाराष्ट्रातले. नागपूर-पुण्यातल्या कोणाला वाचून दाखवणारी मित्रमंडळी, संस्था, ग्रंथालय सापडू शकतं. भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावात बहुतेकदा फोन हाच वाचून दाखवणारा असतो. आणि हल्ली शिष्यवृत्ती, पेन्शन, पीकविमा, परीक्षेचा अर्ज, सगळं त्याच फोनमधून जातं. पान ऐकता आलं नाही तर पोराला, शेजाऱ्याला, सेवा केंद्रातल्या माणसाला विचारावं लागतं. विचारण्यात कमीपणा नाही. पण आपला आधार क्रमांक, आपल्या खात्यात किती पैसे आले, हे दर वेळी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला लागणं ही वेगळी गोष्ट आहे.

कायदा या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात माहिती सर्वांना मिळेल अशा रूपात देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. सरकारी वेबसाइटांसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीबद्दलच्या याचिकांवर निकाल देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सांगितलं. एवढं असूनही एच२ ची जागा जाड अक्षर घेतं, कारण पान तपासणारा माणूस ते बघतो, ऐकत नाही.

## नाव द्या, आकार नंतर

यातली दिलासा देणारी गोष्ट म्हणजे हे काम स्वस्त आहे. उतरता रस्ता बांधायला सिमेंट लागतं, ब्रेल छापायला जाड कागद आणि यंत्र लागतं. मथळ्याला खरा मथळा करायला लागतो तो एक शब्द. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. गूगल डॉक्समध्ये किंवा वर्डमध्ये लिहिताना ओळ निवडून ती जाड करण्याऐवजी वरच्या यादीतून ‘हेडिंग’ची शैली निवडा. ब्लॉगवर लिहीत असाल तर तिथेही ती सोय असते. दिसण्यात फारसा फरक पडणार नाही. ऐकण्यात जमीन-अस्मानाचा पडेल.

पायऱ्या सांभाळा. एच२ नंतर एकदम एच४ नको, कारण ऐकणाऱ्याला वाटतं मधला भाग निसटला. अक्षर लहान हवं म्हणून खालची पायरी वापरू नका. लहान-मोठं करायचं काम सीएसएसचं. आणि मथळ्याला अर्थ असू द्या. ‘महत्त्वाचे’, ‘अधिक माहिती’, ‘टीप’ असे तीन मथळे एकामागून एक ऐकले, तर ऐकणाऱ्याला काय कळणार? त्यापेक्षा ‘कोणाला अर्ज करता येतो’ हे सरळ आहे.

तपासायची रीतही सोपी. पानावरचे फक्त मथळे एकाखाली एक लिहून काढा आणि कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. तेवढ्यावरून पानात काय आहे हे त्याला सांगता आलं, तर पान नीट बांधलंय. ही परीक्षा मी कुठल्या परदेशी पुस्तकातून घेतलेली नाही. ‘गुरुचरित्रा’ची अवतरणिका म्हणजे दुसरं काय आहे?

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. छापील पुस्तकात ‘पान ४२ बघ’ असं सांगता यायचं. वेबवर पान क्रमांक उरलेला नाही. तुमच्या फोनवर जे चौथ्या पडद्यावर येतं ते माझ्या लॅपटॉपवर पहिल्याच पडद्यावर दिसतं. मजकुराचा पक्का पत्ता आता एकच, त्याच्या भागाचं नाव. पोथीतही तसंच होतं. प्रत कोणाच्या हातची आहे, पानं लहान आहेत की मोठी, याने दशक-समास-ओवीचा पत्ता बदलत नव्हता. दोनशे वर्षांच्या छपाईनंतर आपण पुन्हा त्याच जागी आलो आहोत. तिथे कसं वागायचं हे आपल्या भाषेला आधीपासून माहीत आहे.

‘दासबोधा’च्या आरंभी श्रोते जे विचारतात, ते विचारण्याचा हक्क प्रत्येक पान ऐकणाऱ्याला आहे: हे काय आहे, यात काय काय आहे आणि मला हवं ते कुठे आहे. ग्रंथकाराला त्या प्रश्नाने राग आला नाही. त्याने उत्तर आधी दिलं आणि मग पुढचा ग्रंथ सांगितला.